कुंड्यांचं पाणी, अडकलेलं डिपॉझिट आणि ३१ मे

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका ताईंनी चार पानी पत्र पाठवलं आहे. हकिकत थोडक्यात अशी. दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्येच, त्यांनी सात मोठ्या कुंड्या ठेवल्या होत्या. अरेका पाम, रबर प्लांट, मॉन्स्टेरा अशी झाडं. पाणी घातलं की कुंडीच्या तळातून निथळायचं, खालची प्लेट भरायची आणि फरशीवर ओघळायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये खालच्या बिऱ्हाडाच्या छताला डाग दिसला. ३१ मे २०२३ ला ताईंनी घर सोडून किल्ल्या दिल्या. घरमालकांनी ७५,००० रुपये डिपॉझिट ‘खालच्यांचं पीओपी आणि रंगकाम’ म्हणून ठेवून घेतलं. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला, रजिस्टर न केलेला. आता मार्च २०२६ मध्ये त्या विचारतात: कुंडीतून निथळलेल्या पाण्याला मी कायद्याने जबाबदार आहे का? मालकांवर फसवणुकीची फिर्याद देऊ का? आणि कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, तर थेट तिथे जाता येईल का?

कुणाची फिश टँक, कुणाच्या एसीच्या नळीचं पाणी, कुणाची गॅलरीतली तुळस. वाद बदलतो, पत्र तेच राहतं. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

ताई, तुम्ही साडेतीन पानं पाण्याबद्दल लिहिली आहेत आणि घर सोडल्याची तारीख एकदाच, एका कंसात. तुमचं सगळं प्रकरण त्या कंसात आहे. डिपॉझिट परत मिळवण्याच्या दाव्याला मुदत कायद्यानुसार तीन वर्षं मिळतात. तुमच्या करारातलं नववं कलम म्हणतं की डिपॉझिट ‘जागेचा ताबा परत देतेवेळी’ परत करायचं. म्हणजे पैसे देणं लागू झालं ते ३१ मे २०२३ ला. तो दिवस सोडून मोजलं तर मुदत ३१ मे २०२६ ला संपते. त्यानंतर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी कोर्ट दावा फेटाळू शकतं. मालकांनी मुदतीचा मुद्दा काढला नाही तरीही, कारण मुदत बघणं हे कोर्टाचंच काम आहे.

तुम्ही लिहिता, ‘वकिलांची नोटीस तयार आहे, पण पाठवायची की नाही ठरत नव्हतं.’ अडीच वर्षं ठरत नव्हतं? नोटिशीने मुदत थांबत नाही. लोकअदालतीसाठी केलेल्या दाखलपूर्व अर्जानेही थांबते असं धरून चालू नका. फोनवरच्या बोलण्याने, ‘देतो हो ताई, जरा थांबा’ या आश्वासनाने, मध्यस्थ मामांच्या बैठकीने, कशानेच थांबत नाही. थांबते ती दावा दाखल झाल्याच्या दिवशी. माझ्याकडे दरवर्षी असे दोन-तीन लोक येतात ज्यांनी समोरच्याच्या शब्दावर तिसरं वर्ष घालवलं, आणि त्यांना परत पाठवताना मला फार वाईट वाटतं. तुमच्या हातात अजून दोन महिने आहेत.

त्यातही एक अडचण आहे. ३१ मे २०२६ हा रविवार आहे आणि मे महिन्यात खालच्या कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते. मुदत कायद्याचं चौथं कलम सांगतं की शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. कलम तुमच्या बाजूचं आहे, तरी त्याच्या भरवशावर राहू नका. एखादा कागद कमी पडला, कोर्ट फी कमी भरली, कार्यालयाने हरकत काढली, तर ती दुरुस्त करायला हाताशी दिवस हवेत. एप्रिल संपायच्या आत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात दावा दाखल झालेला असावा.

तुम्ही जानेवारी २०२४ चा मालकांचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडला आहे: ‘रंगकाम झालं की उरलेले देतो.’ हा संदेश कामाचा आहे. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी आणि सही करून देणं कबूल केलं, तर अठराव्या कलमाप्रमाणे त्या दिवसापासून नवी मुदत धरता येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशाला ‘सही’ म्हणायचं का, यावर मात्र वाद घालता येतो आणि मालकांचे वकील तो घालतीलच. शिवाय ‘उरलेले’ म्हणजे किती, हे संदेशात नाही. म्हणून तो पुरावा म्हणून वापरा, मुदत वाचवायचा आधार म्हणून नको. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या ६३ व्या कलमाखाली अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकिलांकडून आत्ताच तयार करून घ्या. काही वकील असंही सुचवतील की डिपॉझिटची मुदत मागणी केल्यापासून मोजावी. त्या वादात उतरायची तुम्हाला गरज नाही. वेळ असताना सरळ रस्त्याने जा.

आता करार रजिस्टर नसल्याचं. ‘अकरा महिन्यांचा आहे, म्हणून रजिस्टर करायची गरज नाही’ असं एजंटने सांगितलं आणि तुम्ही मान डोलावली. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि रजिस्टर हवा, मुदत कितीही असो. रजिस्टर करण्याची जबाबदारी मालकाची. आणि तसा करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हे कलम इथे तुमच्या बाजूने आहे. मालकांनी कराराला हस्ताक्षरात एक ओळ जोडली आहे, ‘घराचे कोणतेही नुकसान झाल्यास डिपॉझिट जप्त’, आणि त्या ओळीपुढे तुमची सही नाही. ही अट कधीच ठरली नव्हती असं तुम्ही सुरुवातीपासून ठामपणे सांगितलंत, तर सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर जातं. समजा ती अट टिकली, तरी करार कायद्याचं ७४ वं कलम अशा रकमेला वाजवी भरपाईची मर्यादा घालतं. ७५,००० ठेवून घ्यायचे तर किती नुकसान झालं हे दाखवायला हवं. त्यांनी दिलं आहे ते रंगाऱ्याचं कोटेशन. कोटेशन म्हणजे झालेल्या खर्चाचं बिल नव्हे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी एका शब्दात देणार नाही. जबाबदारी पुराव्यावर अवलंबून आहे आणि तुमच्या पत्रातली एक ओळ मला खटकली: ‘पाणी घातलं की थोडं वाहायचंच, मी फडक्याने पुसून घ्यायचे.’ तुमच्या करारात ‘सर्वसाधारण झीज वगळता’ जागा आहे त्या स्थितीत परत द्यायची आहे. कुंडीच्या जागेवर फरशीला उमटलेलं गोल वर्तुळ झीज म्हणता येईल. रोज ओघळून फरशांच्या सांध्यांतून खाली झिरपणाऱ्या पाण्याला मी झीज म्हणणार नाही. बाथरूम, संडास आणि गच्चीला वॉटरप्रूफिंग करतात, हॉलला सहसा करत नाहीत. टाईल्सच्या सांध्यात भरलेलं सिमेंट पाणी अडवत नाही. सांध्यातून उतरलेलं पाणी खालच्या मसाल्यात मुरतं आणि स्लॅबमधली वाट शोधत भलत्याच जागी उतरतं. सोळा-अठरा इंची कुंडीतून पाणी घातल्यानंतर बराच वेळ निथळत राहतं, आणि इंचभर उंचीची प्लेट ते सामावून घेत नाही. एकदा पुसून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की पुढचं पाणी कोण पुसणार होतं?

त्याहून वाईट म्हणजे, खालच्यांनी डाग दाखवल्यावर तुम्ही उंच ट्रे आणलेत ते मार्च २०२३ मध्ये. चार महिने! उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येईल. खरं तेच सांगा, पण आधीच दाव्यात लिहून ठेवा की कधी कळलं, काय केलं, ट्रे कधी आणले आणि त्यांची बिलं कुठे आहेत. लपवलेली गोष्ट समोरच्याने काढली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. डाग तुमच्याच पाण्याचा, हे मालकांनी दाखवायला हवं. तुमच्या हॉलच्या भिंतीला लागूनच बाथरूम आहे, असं तुम्ही लिहिलंय. गळक्या पाइपचा डाग कुंडीला पाणी घाला किंवा घालू नका, वाढतच राहतो. कुंडीचा डाग पाणी घालायच्या दिवसांशी जोडलेला असतो आणि पंधरा दिवस पाणी बंद ठेवलं की वाढायचा थांबतो. अशी चाचणी कुणी केली का? प्लंबर आणला का? बाथरूममध्ये रंगीत पाणी सोडून पाहिलं का? तुमच्या पत्रावरून यातलं काहीच झालेलं दिसत नाही. तुम्ही घर सोडल्यानंतर डाग वाढला की सुकला, हे खालच्या बिऱ्हाडाला माहीत असेल. त्यांच्याशी तुमचे संबंध बरे असतील तर जाऊन विचारा. डाग नंतरही वाढला असेल, तर त्यांचं एक वाक्य मालकांच्या कोटेशनपेक्षा जड ठरेल. नुकसान वाढू नये म्हणून मालकांनीही वेळेत काही करायला हवं होतं, हा मुद्दाही दाव्यात येऊ द्या. माझा अंदाज असा की कोर्टाने तुमच्याकडून काही थोडी रक्कम वजा धरली तरी ७५,००० सगळे धरणं त्यांना जड जाईल. हा अंदाज आहे. कागद पाहिल्याशिवाय यापुढे जाणार नाही.

फसवणुकीच्या फिर्यादीचा विचार सोडा. देणं असून न देणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता असं दाखवावं लागतं, आणि तुमच्या पत्रात त्याचा मागमूस नाही. पोलीस ठाण्याच्या चकरांत एप्रिल जाईल. सर्किट बेंचचंही तेच. ऑगस्ट २०२५ पासून सांगलीच्या वकिलांची आणि पक्षकारांची मुंबईची धावपळ वाचली, याचा मला मनापासून आनंद आहे, पण ७५,००० रुपयांचा दावा हायकोर्टात सुरू होत नाही. तो सांगलीच्या कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायालयात जाईल. तो कोणत्या तरतुदीखाली लिहायचा हे तुमच्या वकिलांना करार पाहून ठरवू द्या.

आता कोर्टाबद्दल कडू वाटेल ते सांगतो. एवढ्या रकमेचा साधा दावाही वर्षानुवर्षं चालतो, हे मी लपवणार नाही. समन्स लागत नाही, साक्षीदार येत नाही, तारीख पडते. रकमेपेक्षा जास्त वर्षं खर्ची पडलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्याबद्दल मला संताप आहे. म्हणून दावा दाखल करून लगेच तो लोकअदालतीपुढे ठेवायची विनंती करा. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. तिथे तडजोड झाली की निवाड्याला हुकूमनाम्याचं, म्हणजे कोर्टाच्या अंतिम निकालाचं, बळ असतं, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. त्या टेबलावर पन्नास-पंचावन्न हजारांवर मिटत असेल तर मी तुमच्या जागी मिटवून टाकेन. तुम्ही बाई आहात, म्हणून विधी सेवा कायद्याखाली उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. पण आधी दावा, मग लोकअदालत. क्रम उलटा करू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता की त्याच सात कुंड्या आता मिरज रोडवरच्या नव्या भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर आल्या आहेत, ‘आता काळजी घेते.’ कशी घेता ते कळवा. माझं म्हणणं असं. भोकं असलेली प्लास्टिकची कुंडी आत, बिनभोकाची मोठी कुंडी बाहेर, आणि आतली दोन-तीन इंच विटेवर किंवा स्टँडवर उचललेली, म्हणजे निथळलेलं पाणी मुळांना लागणार नाही आणि फरशीवरही येणार नाही. बाहेरच्या कुंडीत साचलेलं पाणी मात्र काढत राहायला हवं. छोट्या कुंड्या नहाणी ट्रॅप असलेल्या गॅलरीत नेऊन पाणी घाला आणि पुरत्या निथळल्या की आत आणा. अरेका पाम रोज उचलून नेणं कुणालाच जमणार नाही, त्याला चाकांचा स्टँड घ्या. कुंडी ठेवायच्या आधी त्या जागेचे, आणि जमल्यास खालच्या छताचे, तारखेसह फोटो काढा. नवा करार रजिस्टर झाला आहे का, ते आजच पाहा. त्यात घरात कुंड्या ठेवायला मालकांची संमती आहे आणि डिपॉझिटमधून फक्त बिलं दाखवून सिद्ध झालेलं नुकसान वजा होईल, अशा दोन ओळी नसतील तर पुढच्या नूतनीकरणात घालून घ्या.

आणि जुन्या घराच्या किल्ल्या देताना मालकांकडून ताबा पावती घेतली होती का, हे पत्रात नाही. नसेल तर ३१ मे २०२३ हीच तारीख दाखवणारं दुसरं काहीतरी शोधा: टेम्पोवाल्याला त्या दिवशी केलेलं पेमेंट, शेवटच्या वीजबिलाचं रीडिंग, किल्ल्या दिल्याचा संदेश. ते घेऊन या आठवड्यात वकिलांकडे जा.