पाळी सांभाळून एरोस्पेस शिकताना

अ. उ. आ.

नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात पाळ्या करत घरबसल्या एरोस्पेस इंजिनिअरिंग (विमानं आणि रॉकेटांचं शास्त्र) शिकता येईल का, असं तू विचारलंस. विषय नक्की शिकता येईल, पण त्याची पदवी घरबसल्या मिळेल असं कुणी सांगितलं तर पैसे भरू नकोस. अभिमत विद्यापीठांनी मंजुरीशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये चाप लावला. तरीही फोनवर गोड बोलून प्रवेश देणारे भेटतात. पदवी हवीच असेल, तर तुझ्या मेकॅनिकल डिप्लोमाच्या जोरावर नोकरदारांसाठी एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेने) मान्य केलेली तुकडी कुठल्या कॉलेजात आहे ते बघ. मेकॅनिकलची पदवी घेऊन विमानांवर काम करणारे पुष्कळ आहेत.

आता विषयाकडे. आयआयटी बॉम्बे, मद्रास, कानपूरच्या प्राध्यापकांचे एरोस्पेसचे अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. दर आठवड्याला असाइनमेंट असते. फी भरावी लागते ती फक्त शेवटच्या परीक्षेची. परीक्षेचा फॉर्म भरच. तारीख ठरली की अभ्यास पुढे ढकलला जात नाही. मात्र एका वेळी एकच अभ्यासक्रम घे. सुरुवात वातावरण, लिफ्ट (विमान वर उचलणारं बल), ड्रॅग (हवेचा विरोध), मग विमानाची कामगिरी आणि स्थिरता या क्रमाने कर. रॉकेट आणि उपग्रह थांबू देत, कितीही मोह झाला तरी. त्याआधी महिना-दोन महिने कॅल्क्युलस आणि व्हेक्टर पक्के कर. डिप्लोमात ते घाईत उरकलेलं असतं, आणि मुलं अडतात ती तिथेच, विमानात नव्हे.

खरा धोका व्हिडिओचा आहे. सर फळ्यावर सोडवतात तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटतं. उदाहरण सुरू झालं की व्हिडिओ थांबव, वहीत स्वतः सोडव, मगच पुढे जा. तासाभराच्या व्याख्यानाला तीन तास लागले तर लागू देत.

एक गणित आत्ताच देतो, तुझ्या गावचं. ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कारखाना १९६४ पासून आहे. तिथे मिग-२१ बनली, पुढे सुखोई-३० आली, आता तेजस बनतंय. तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. प्रमाण वातावरणात (हिशोबासाठी सगळीकडे मानलेल्या सरासरी हवेत) समुद्रसपाटीला हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर धरतात. ओझरला हवेचा दाब सुमारे ९४३ हेक्टोपास्कल धर आणि मे महिन्यातल्या दुपारचं तापमान ४० अंश. आदर्श वायूच्या समीकरणाने, म्हणजे दाब, तापमान आणि घनता यांना जोडणाऱ्या सूत्राने, घनता काढ. साधारण १.०५ येईल. आता लिफ्टचं सूत्र घे: अर्धा गुणिले घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ आणि लिफ्ट गुणांक (पंखाचा आकार आणि कोन यांवर ठरणारा आकडा). वजन, पंख आणि गुणांक तेच ठेव. घनता घटली, म्हणजे तेवढंच वजन उचलायला वेग वाढवावा लागेल. किती? घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतक्या पटीने, म्हणजे सुमारे ८ टक्के जास्त. त्यातच विरळ हवेत इंजिनचा जोरही घटतो, त्यामुळे धावपट्टी आणखी लांब लागते. ही एवढी दोन समीकरणं, पण विमानतळ बांधणाऱ्याला आणि वैमानिकाला दोघांनाही ती रोज लागतात. हे गणित तू हाताने केलंस की पुढची कितीतरी प्रकरणं आपोआप उलगडतील.

सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) काम करतोस त्याचाही उपयोग करून घे. मिश्रधातूचा ग्रेड, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), पृष्ठभागाचा खरखरीतपणा हे सगळं तुझ्या बोटांना ठाऊक आहे. नुसतं पुस्तक वाचलेल्या मुलाला ते शिकायला वर्षं लागतात. स्ट्रक्चर्स (विमानाच्या सांगाड्याची मजबुती) या विषयाला लागशील तेव्हा फटिगचं, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून धातू थकण्याचं प्रकरण मन लावून वाच. टूलने सोडलेल्या बारीक चरीतून तडा कसा सुरू होतो, ते तुला चटकन दिसेल.

रात्रपाळीच्या आठवड्यात नवं काही उघडू नकोस. जुनी गणितं पुन्हा सोडव आणि झोप पुरी कर. दिवसपाळीत पहाटेचा एक तास ठेव. संध्याकाळी डोकं चालत नाही, त्यावर भरवसा नको. आणि शिकताना एक सोबती शोध, मग तो सातपूरचा असो की सिन्नरचा. रविवारी एकमेकांच्या वह्या तपासा.

ओझरचं गणित जमलं की तसंच मुंबईसाठी आणि लेहसाठी करून पाठव. लेहचा विमानतळ ३,२०० मीटरच्याही वर आहे. दाब किती धरलास आणि का, तेही लिही.