समजा, तुमच्या घरात सात माणसं, शेजारी दोघंच. दोन्हीकडे महिन्याला 400 युनिट. मग वीजदर एकच का?

कारण महावितरणच्या लेखी ग्राहक म्हणजे मीटर, माणूस नव्हे. घरगुती दराचे टप्पे (100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे) जोडणीगणिक लागतात. त्यामुळे तुमचे आणि शेजाऱ्यांचे शेवटचे 100 युनिट एकाच महाग टप्प्यात पडतात.

कार्बनचा हिशेब मात्र माणशी करून बघा. विजेच्या युनिटमागे देशात सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, 14.2 किलोचं सिलिंडर संपलं की साधारण 42 किलो. तुम्हाला महिन्याला दीड सिलिंडर लागत असेल तर 280 अधिक 63, म्हणजे 343 किलो, माणशी 49. शेजाऱ्यांना अर्धं पुरत असेल तर 301 किलो, माणशी दीडशे. तिप्पट फरक, दर तोच. (पेट्रोल यात नाही, लिटरमागे 2.3 किलो मिळवा.)

याहून वाईट अवस्था एका मीटरवरच्या भाडेकरूंची. चार खोल्या, प्रत्येकी 90 युनिट. वेगळी मीटरं असती तर चौघंही सर्वांत स्वस्त टप्प्यात राहिले असते. एकत्र 360 झाले की टप्पा चढतो, आणि मालक बऱ्याचदा सगळ्यांनाच वरचा दर लावतो. सब-मीटर लावून एकूण बिल भागिले एकूण युनिट असा दर काढला, तर निदान मालकाची वरकमाई थांबते. टप्पा काही खाली येत नाही.

सोलरचं अनुदानही छतामागे. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 3 किंवा जास्तला 78 हजार रुपये. पण 3 किलोवॉटला सावली न पडणारी सुमारे 300 चौरस फूट जागा लागते; चाळकऱ्याने ती आणायची कुठून? सोसायटीला किलोवॉटला 18 हजार मिळतात, तेही लिफ्ट, पंप अशा सामाईक वापरासाठी. मेंटेनन्स घटला तर घटला, घरचं बिल तेवढंच.

रेशनवर प्राधान्य कुटुंबांना माणशी 5 किलो धान्य मिळतं, तसेच माणशी युनिट द्या, असं म्हणणं सोपं आहे. पण कित्येकांची कार्डं गावी आणि माणसं शहरात. शिवाय एकट्या म्हातारीचा फ्रिजही तेवढीच वीज खातो. म्हणून मला मधला मार्ग पटतो: सहा किंवा जास्त माणसांच्या घराला, अर्ज केल्यास, दुसऱ्या टप्प्याची मर्यादा 300 ऐवजी 400 करावी. वीज नियामक आयोग दर ठरवण्याआधी हरकती-सूचना मागवतो. तेव्हा ही मागणी माणशी आकड्यांसह लेखी द्या.