विद्यापीठातल्या विभागाचे ऑनलाइन फॉर्म कसे बनवावेत आणि सांभाळावेत? गूगल फॉर्म पुरतो, की सॉफ्टवेअर घ्यावं?

रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) नोंदणी, युवारंग युवक महोत्सवाची नावं, माजी विद्यार्थी, फीडबॅक असे विभागाचे सगळे फॉर्म तुमच्या गळ्यात पडलेत आणि साहेब विचारताहेत की सॉफ्टवेअर घ्यायचं का. मी जळगावला असंच काम बघतो, म्हणून सांगतो: नुसती माहिती गोळा करायची असेल तर गूगल फॉर्म पुरतो. फी, परीक्षा अर्ज, प्रवेश यांतलं काही असेल तर विद्यापीठाच्या अधिकृत प्रणालीतच करा. गूगल फॉर्मला कोण भरतंय याची शहानिशा करता येत नाही आणि पैसेही घेता येत नाहीत.

आता खरी अडचण. फॉर्म बनवणारा समजतो की समोर विद्यार्थी बसलाय. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचा मुलगा बऱ्याचदा तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरून घेतो. तिथे ईमेल कॅफेवाल्याचा, मोबाईल नंबरही कधीकधी त्याचाच. तुम्ही ‘एकच उत्तर’ ही मर्यादा लावली की गूगल खात्याने लॉगिन सक्तीचं होतं. पहिल्या मुलाचा फॉर्म जातो, दुसऱ्याला ‘तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे’ असं दिसतं. मग फोन सुरू: ‘सर, फॉर्म उघडी नही ऱ्हायना.’ फाईल अपलोडचंही तसंच. त्यालाही लॉगिन लागतं, आणि फाईलच्या नावाला अपलोड करणाऱ्या खात्याचं नाव आपोआप चिकटतं. शंभर मार्कशीट आल्या आणि निम्म्यांवर कॅफेवाल्याचं नाव, असं चित्र दिसलं तर नवल वाटू देऊ नका. म्हणून मी एकच-उत्तराची मर्यादा लावत नाही. पीआरएनवरून (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) दुबार नोंदी काढतो आणि शेवटची नोंद ग्राह्य धरतो. हे फॉर्मच्या डोक्यावरच लिहून ठेवतो. नावावरून दुबार शोधायला जाऊ नका, आपल्याकडे एका वर्गात पाटील किती असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

अपलोड खरंच लागणार असेल तरच ठेवा. सगळ्या फाईल मिळून १ जीबीची मर्यादा आधीपासून लावलेली असते. ती भरली की फॉर्म उत्तरं घेणंच थांबवतो. सेटिंगमध्ये ती वाढवता येते, पण जागा फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हमधली जाते आणि फुकटच्या खात्यात ती एकूण १५ जीबी. शिवाय जे कागद कार्यालयात आधीच आहेत ते पुन्हा का मागायचे? आधार क्रमांक तर उगाच मागूच नका.

आकड्यांचा घोळ वेगळाच. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा नेमका ठेवतं. पीआरएन १६ अंकी असेल तर शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो आणि यादी वर पाठवल्यावर कळतं. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही अशीच उडतात. उतरवलेली फाईल डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून आयात करा आणि ते रकाने टेक्स्ट म्हणून निवडा. शिष्यवृत्तीसाठी आयएफएससी (बँक शाखेचा कोड) घेत असाल तर ११ अक्षरांची अट घाला. पाचवं अक्षर शून्य असतं, पोरं तिथे हमखास इंग्रजी ‘ओ’ टाकतात. जिथे निवड देता येते तिथे टाइप करायला लावू नका: वर्ग, प्रवर्ग, तालुका, सगळं ड्रॉपडाऊन. नाहीतर ‘एनटी-ब’, ‘एन.टी. बी’ आणि ‘भटक्या’ असे तीन प्रवर्ग जुळवत बसाल.

फॉर्म करण्याआधी वर पाठवायच्या अहवालाचा तक्ता मागून घ्या आणि त्यातल्या रकान्यांवरून प्रश्न ठरवा. उत्तरांच्या शीटमध्ये थेट खाडाखोड करू नका, शेजारी दुसरं पान उघडून तिथे गाळणी (फिल्टर) लावा. शीटमधली ओळ पुसली तरी फॉर्ममधलं मूळ उत्तर तसंच राहतं, आणि दोन ठिकाणी दोन आकडे दिसू लागतात.

फॉर्म कोणाच्या खात्यात आहे हे आजच बघा. बरेच फॉर्म तासिका तत्त्वावरच्या एखाद्या मॅडमच्या वैयक्तिक जीमेलवर असतात. नेमणूक संपली की मॅडम जातात, त्यांच्याबरोबर तीन वर्षांचे फीडबॅकही जातात, आणि नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) फाईल उघडली की शोधाशोध सुरू होते. विभागाचा ईमेल मालक ठेवा, माणसं फक्त सहयोगी. एक मात्र आहे: संस्थेच्या खात्यातून केलेला फॉर्म बहुतेकदा संस्थेपुरताच खुला असतो, विद्यार्थ्यांच्या साध्या जीमेलला उघडत नाही. ते सेटिंग बदला आणि घरच्या मोबाईलवरून उघडून बघा. ग्रुपवर लिंक टाकताना संपादनाची लिंक जात नाही ना, हेही पाहा. ‘निकालांचा सारांश दाखवा’ बंदच असू द्या. चालू राहिलं तर भरणाऱ्याला बाकीच्यांची उत्तरं दिसतात, त्यात मुलींचे मोबाईल नंबरही आले.

मुदत रात्री १२ ची देऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ ची द्या, म्हणजे शेवटच्या तासाला फोन उचलायला कोणीतरी असतं. वीज गेली, रेंज गेली अशी मुलं दुसऱ्या दिवशी येतातच. फॉर्म बंद झाल्यावर दिसणारा मजकूर बदलता येतो. तिथे कोणाला भेटायचं, किती वाजेपर्यंत आणि सोबत काय आणायचं ते मराठीत लिहून ठेवा.