सुल्ला कोण होता? सीझरच्या आधी स्वतःच्याच रोमवर चालून गेलेला सेनापती तोच का?

हो, तोच. लुसियस कॉर्नेलियस सुल्ला, जन्म इ.स.पू. 138. घराणं खानदानी, पण तरुणपणी खिशात दमडी नाही. भाड्याच्या खोल्यांत राहायचा.

नाव झालं आफ्रिकेत. इ.स.पू. 105 मध्ये नुमिडियाचा राजा जुगुर्था त्याने पकडला, तोही लढून नव्हे, तर जुगुर्थाचाच सासरा बोक्कस याला फितवून. वर हा प्रसंग अंगठीवर कोरून घेतला आणि पत्रांवर तोच शिक्का मारू लागला! सरसेनापती होता मारियस. त्याचा तिळपापड झाला.

इ.स.पू. 88 मध्ये पूर्वेच्या मोहिमेचं नेतृत्व काढून मारियसला दिलं, तेव्हा सुल्ला फौजेसकट रोममध्ये घुसला. पूर्वेकडून परतल्यावर हुकूमशहा झाला आणि शत्रूंच्या नावांच्या याद्या भर चौकात लावल्या. यादीतल्याला मारलं की बक्षीस, मालमत्ता जप्त. तरुण सीझर थोडक्यात वाचला.

खरं कोडं पुढेच आहे. एवढं करून या गृहस्थाने आपणहून हुकूमशाही सोडली आणि गावाकडे आठवणी लिहीत बसला. इ.स.पू. 78 मध्ये वारला. सत्ता सोडली म्हणून सीझर पुढे म्हणाला म्हणे, सुल्लाला राजकारणाची बाराखडीसुद्धा येत नव्हती.