आमच्यातले सगळे गेले, मी एकटीच मागे का?

आंब्याचा सीझन संपला की माझ्याकडे, रत्नागिरीत, समुपदेशनासाठी येणाऱ्यांची संख्या वाढते. मार्च ते मे इथे कुणाला रडायलाही फुरसत नसते. ती आली तेव्हा पावसाला नुकती सुरुवात झाली होती. ओळख पटेल असे तपशील तिच्या संमतीने बदलले आहेत.

"मॅडम, दादा धरून आम्ही सात जण होतो. आता मी आणि टेम्पोवाले काका, दोघंच उरलोय. कंपनी बुडतेय का? की मीच वेडी, चिकटून बसलेय?"

बागेतून थेट गिऱ्हाइकाच्या घरी हापूस पोचवणारी स्टार्टअप. पहिल्या वर्षी प्रतवारी तिने केली, आढ्या तिनेच लावल्या, पेट्या भरल्या आणि रात्री तक्रारींचे फोनही घेतले. पुढे गुंतवणूकदार आले, मुंबईहून नवे सीईओ आले आणि संस्थापक, म्हणजे सगळ्यांचे दादा, फक्त संचालक मंडळावर राहिले. त्यानंतर आठ महिन्यांत चौघांनी राजीनामे दिले.

"दादांना घालवलं," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. हार्वर्डमध्ये असताना नोआम वॉसरमन यांनी 212 अमेरिकी स्टार्टअपचा अभ्यास केला होता. कंपनी तीन वर्षांची होईपर्यंत निम्म्या संस्थापकांकडे सीईओपद राहिलेलं नव्हतं. हे सांगितल्यावर तिचा राग थोडा निवळला, पण दुखणं तसंच राहिलं. आकड्यांनी ते जात नाही.

मी तिला एकच काम दिलं. गेलेल्या चौघांना फोन करायचा आणि विचारायचं, जावंसं पहिल्यांदा कधी वाटलं? तिने हे कुणालाच विचारलं नव्हतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरून एकेक नाव कमी होताना ती नुसती बघत राहिली होती.

एकाला मुलीच्या शाळेसाठी पुण्याला जायचं होतं. दुसरा म्हणाला, "आधी सुचलं की करायचो, आता तीन जणांना विचारावं लागतं." तिसरीचंही तेच. सुरुवातीची माणसं सगळं थोडंथोडं करणारी असतात. खाती पडली की त्यांच्या हाती एक तुकडा उरतो, आणि तो काहींना पुरत नाही. चौथा मात्र म्हणाला, "जानेवारी-फेब्रुवारीचे पगार उशिरा झाले, विसरलीस?"

ती खरंच विसरली होती. पहिल्या तिघांच्या जाण्यावरून कंपनीबद्दल फारसं काही कळत नव्हतं, चौथ्याच्या बोलण्यावरून कळत होतं. मी तिला पीएफचं पासबुक उघडायला लावलं. कापलेली रक्कम कंपनीने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. तिचे ते दोन हप्ते उशिरा, पण जमा झाले होते. म्हणजे ओढाताण झाली होती, बुडवाबुडवी नव्हती.

तरी तिला झोप लागेना. तिसऱ्या भेटीत मी वडिलांबद्दल विचारलं. ते मुंबईला गिरणीत होते, नंतर वॉचमन. गणपती आणि शिमगा, एवढेच दिवस घरी. "मी लहानपणी ठरवलेलं, आपण चाकरमानी नाही व्हायचं." ती खूप वेळ रडली. ज्या नोकरीने तिला आईजवळ, गावात ठेवलं, तीच हलायला लागली होती. कंपनी बुडतेय का, असं ती विचारत होती तेव्हा तिच्या पोटात भीती होती ती मुंबईची गाडी धरावी लागण्याची. आपल्याकडे नोकरी जाणं म्हणजे बहुतेक वेळा गाव सुटणं असतं. म्हणून "दुसरी बघ की" हा सल्ला मला इथे निर्दयी वाटतो.

यानंतरच आम्ही कागद काढले. "तुझेही शेअर आहेत" एवढं तिला ठाऊक होतं; इसॉपचं, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क देणारं, पत्र कपाटात तसंच पडलेलं. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारे हक्क पूर्ण झाले होते, पण नोकरी सोडली तर 90 दिवसांत पैसे भरून शेअर घ्यायचे, नाहीतर हक्क संपला, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. शिवाय घेताना ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतला फरक पगार धरून त्यावर कर, आणि खाजगी कंपनीचे शेअर विकायला गिऱ्हाईक सहज मिळत नाही. हे तिला इतक्या वर्षांत कुणीच समजावलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. तिची नोव्हेंबरात भरतात. मूळ पगार 26 हजार, म्हणजे वर्षाला 15 हजारप्रमाणे 75 हजार. तिने रागाच्या भरात लिहून ठेवलेला राजीनामा जूनचा होता.

मग ती दादांना भेटली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही सगळे माझ्यावर रागावलात." दोघं घाटावरच्या टपरीवर दोन तास बसले होते म्हणे.

राजीनामा तिने फाडलेला नाही, पाठवलेलाही नाही. नव्या सीईओंकडे तिने बागायतदारांशी व्यवहाराचं काम लेखी मागितलंय, उत्तर यायचंय. पुढची भेट आम्ही गणपतीनंतर ठेवली आहे.