‘सत्तांतर’ आणि ‘राजवटबदल’ हे एकच का?

राज्यशास्त्र मराठी माध्यमातून शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, लोकशाहीकरणाच्या अभ्यासक्रमात ‘रेजीम चेंज’ या संज्ञेसाठी काही टिपणांत ‘सत्तांतर’, काहींत ‘सत्तापालट’, तर काहींत ‘राजवटबदल’ असे शब्द आढळतात. ‘१९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये सत्तांतर झाले’ असे उत्तरपत्रिकेत लिहिले तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते चालणार नाही. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा आणि देशांतर म्हणजे दुसरा देश, त्याप्रमाणे सत्तांतरातही ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’; परंतु आजच्या वापरात दुसरा होतो तो सत्ताधारी पक्ष. मार्च १९७७ मध्ये काँग्रेसचा पराभव होऊन मोरारजी देसाई पंतप्रधान झाले, हे सत्तांतर होय. आणीबाणीमुळे त्या निवडणुकीला असाधारण महत्त्व आले हे खरेच, पण मतदान झाले ते १९५० पासून अमलात असलेल्या राज्यघटनेनुसारच, आणि नवे सरकारही त्याच घटनेची शपथ घेऊन आले.

पोर्तुगालमध्ये बदलले ते नियमच. २५ एप्रिल १९७४ रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी लिस्बनमध्ये उठाव केला, लोकांनी सैनिकांच्या बंदुकीच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली आणि सालाझारने उभी केलेली हुकूमशाही कोसळली. बरोबर एक वर्षाने घटना समितीची निवडणूक झाली आणि १९७६ मध्ये नवी राज्यघटना अमलात आली. गोव्याच्या वाचकांना याचा एक परिणाम जवळचा वाटेल: १९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व लिस्बनने मान्य केले, ते या बदलानंतर, डिसेंबर १९७४ च्या करारात. नुसते सरकार बदलून हे झाले असते, असे मला वाटत नाही.

सत्ता कोणी, कोणत्या मार्गाने मिळवायची आणि तिला आवर कोणी घालायचा, हे ठरवणारी सगळी चौकट येथे अभिप्रेत आहे, म्हणून ‘राजवटबदल’ हा शब्द मला योग्य वाटतो. त्यातही एक अडचण आहेच. ‘राष्ट्रपती राजवट’ या रूढ शब्दप्रयोगात राजवट म्हणजे केवळ अंमल. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात ती लागली आणि पहाटे उठवली गेली, तेव्हा राज्यघटनेतीलच एक तरतूद वापरली गेली; चौकट जशीच्या तशी राहिली. म्हणून पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘राजवट, म्हणजे शासनाची मूलभूत चौकट’ असा खुलासा अवश्य करावा. ‘सत्तापालट’ मात्र वृत्तपत्रांत निवडणुकीतील पराभवालाही लावतात आणि लष्करी उठावालाही, त्यामुळे परीक्षेत तो एकटा वापरणे धोक्याचे.

‘लोकशाहीकरण’ या शब्दाबद्दलही थोडे. शुद्धीकरणातील ‘ई’ मूळ ‘शुद्ध’ शब्दाला करण जोडताना येते. लोकशाहीची ‘ई’ मात्र आदिलशाही, निजामशाहीप्रमाणे फारसी वळणाची आणि आधीपासूनच तिथे आहे. जोड सहज जमून गेला आहे, तेव्हा ‘लोकशाहीकीकरण’ असे लिहू नये. ‘करण’ म्हटले की करणारा कोण हा प्रश्न मनात येतो, आणि या विषयात तो मोलाचा आहे. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर, १९७६ च्या अखेरीस, त्याच्याच काळातील संसदेने राजकीय सुधारणांचा कायदा संमत करून स्वतःच्या विसर्जनाची वाट मोकळी केली. तेथे कर्ते बऱ्याच अंशी जुन्या राजवटीतलेच होते. पोर्तुगालमध्ये जुनी राजवट आधी मोडली, मग बांधणी झाली.

तेव्हा आपले वाक्य असे लिहावे: ‘२५ एप्रिल १९७४ च्या लष्करी उठावाने पोर्तुगालमध्ये राजवटबदल घडला आणि १९७६ च्या राज्यघटनेने लोकशाहीकरणाला कायद्याचा आधार मिळाला.’ त्यानंतर तेथे निवडणुकीने जी सरकारे बदलली, त्यांना सत्तांतर म्हणायला हरकत नाही.