पहिल्यांदाच कॉर्न डॉग करताय? मग एवढं सांभाळा

कॉर्न डॉग म्हणजे काडीला खोचून, मक्याच्या पिठात बुडवून तळलेलं सॉसेज. सॉसेजवरून पीठ निसटतं, ही सुरुवातीची नेहमीची तक्रार. कारण ओलावा. फ्रोझन सॉसेजचा बर्फ पूर्ण वितळू द्या, फडक्याने कोरडं पुसा, काडी खोचा आणि कोरड्या मैद्यात घोळवा. ही पायरी गाळू नका, बाकी सगळं जमतं.

- मक्याचं पीठ आणि मैदा समसमान, बेकिंग पावडर, मीठ, अंडं, दूध. कॉर्नफ्लोअर नको, तो नुसता स्टार्च. भज्यांपेक्षा घट्ट भिजवा, उंच ग्लासात ओतून सॉसेज बुडवा.
- तेल १७५ अंशांच्या आसपास. पिठाचा थेंब लगेच वर यायला हवा. एका वेळी दोनच तळा, नाहीतर तेल थंडावतं आणि पीठ तेलकट होतं.

काडी कढईत मावते का, ते आधी बघा! चीज, बटाट्याचे तुकडे वगैरे कोरियन प्रकार नंतर.